गुणाची बदकं

बदकाचं पिल्लू तळहातावर उलटं धरायचं, शेपटीखाली अंगठ्याने हलकेच दाबायचं आणि नर की मादी ते सांगायचं, ही कला आईने थोरलीला दिली होती. धाकटीला नाही. "हिचा हात जड, पिल्लू जिवानिशी जायचं," म्हणायची आई. धाकटीला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ताईला येतं म्हणजे घरात येतं, इतका साधा हिशेब.

म्हणून धाकटीला चिंगी झाल्यावर ताई झाकणाची टोपली घेऊन आली आणि म्हणाली, "आठच्या आठ माद्या. एकेक बघून घेतलीय," तेव्हा टोपलीत डोकावण्याआधी धाकटीने तिच्या गळ्यात हात टाकले.

बाळंतपणाआधी ती बेकरीत कामाला होती. तिथल्या मालकीणबाईंना केकसाठी रोज बदकाची अंडी हवी होती, आणि ते काम त्या तिलाच द्यायला तयार होत्या. तान्ह्या पोरीला टाकून तिला भट्टीवर परत जायचं नव्हतं. पण स्वतःचं म्हणून काहीतरी हवं होतं. ही गोष्ट तिने नवऱ्याच्याही आधी ताईच्या कानावर घातली होती.

पिल्लं वाढली. पिवळी लव जाऊन पिसं आली, चोची रुंदावल्या. चिंगीला पाजता पाजता धाकटी खिडकीतून त्यांच्याकडे बघत बसायची. पिल्लं कशी, तर अगदी गुणाची. फार तर घसा बसल्यासारखं खरखरायची, एवढंच. मोठ्या झाल्या की फुटेल कंठ, असं तिच्या मनात यायचं. मग वाटायचं, नाही फुटला तर बरंच. चिंगीची झोप सशाची. भांड्याला भांडं लागलं तरी दचकायची. पण अंगणातल्या या मंडळींनी तिला एकदाही उठवलं नाही.

"बदकं आहेत की लायब्ररीत बसलेली माणसं?" नवरा म्हणायचा.

"ताईने निवडून दिलीत. घरात तान्हं आहे, एवढं तिला कळतं."

तिने ताईला फोन करून आभारसुद्धा मानले. ताई म्हणाली, "असतात काही गरीब."

एका सकाळी नवरा पाण्याचं घमेलं भरता भरता खाली वाकला. "हिच्या शेपटीला काय झालं गं? पीस बघ कसं वर वळलंय. पार्लरमधून आल्यासारखी दिसतेय."

धाकटीने ते पीस बोटाने सरळ केलं. सोडलं की परत वळलं. आईच्या अंगणात असं पीस एकाच बदकाला होतं. तो नर होता, आणि तोही असाच नुसता खरखरायचा. चुकला असेल हात, असं तिने स्वतःला समजावलं. मग दुसऱ्याचं पीस वळलं, तिसऱ्याचं वळलं. आठव्याचंही वळलं, तेव्हा तिने चिंगीला कडेवर घेतलं आणि ताईचं घर गाठलं.

फाटकाच्या अलीकडेच कलकलाट ऐकू आला. खणखणीत, बाजार भरल्यासारखा, आईकडच्या माद्यांचा असायचा तसा. चिंगी भेदरून रडायला लागली. ओट्यावर निळे ट्रे रचलेले होते, बेकरीचे. एकाचा कोपरा तडकला होता. बेकरीत असताना तो ट्रे धाकटीच्याच हातून पडला होता.

ताई पदराला हात पुसत बाहेर आली. तिने ट्रेकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "अगं, एवढंसं असतं ते पिल्लू. चुकतो कधी हात."

"एखाद्यात चुकतो, ताई. दोनात चुकतो. आठही चुकायचे तर नीट बघावं लागतं."

ताई ओट्यावर टेकली. "खरं सांगू? तुझी कडेवर पोर, रात्रीचा दिवस. अंडी धुणार कधी, पोचवणार कधी? काम परक्याच्या घरी गेलं असतं. आपल्यातच राहिलं ना?"

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"अर्धं दिलं असतं," धाकटी म्हणाली. "तू मागायच्या आधी."

ताई उठून चिंगीला घ्यायला पुढे आली. धाकटीने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. ती फाटकाशी पोचली तेव्हा मागून आवाज आला, "त्यातला एक ठेव हं माझ्यासाठी. पुढे पिल्लं काढायची तर नर लागेलच."

केसाने गळा कापतात म्हणे. वर केस परत मागतात, हे तिला आज कळलं.

घरी येईतो चिंगी खांद्यावर झोपून गेली. आठही जण धावत आले, तिच्या पायांशी गोळा झाले आणि खरखरले. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष. अंगणात तीच शांतता होती, जिच्यासाठी तिने फोन करून आभार मानले होते.

धाकटीने घमेल्याला लाथ मारली. ते खणखणत भिंतीवर आपटलं, पाणी सांडलं, बदकं पांगली. चिंगी दचकून उठली आणि तिने भोकाड पसरलं. एरवी धाकटीने शू शू करत घर डोक्यावर घेतलं असतं. आज तिने पोरीच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

"रड," ती म्हणाली. "मोठ्याने रड, बाळा. या घरात कुणाला तरी आवाज असू दे."