पोट धरून

"विनोद होता, हे सिद्ध करा," हॉस्पिटलच्या विमा-खिडकीतल्या बाई काचेपलीकडून म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे विनोदाचा पुरावा मागत होतं. एरवी लोक हात जोडून तो बंद करायला सांगतात.

झालं होतं असं. मी लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं, हा माझा धंदा. दार उघडेपर्यंत वरून बडबड करत राहायचं, म्हणजे आतला घाबरत नाही. "काका, निघताना बायकोशी भांडलात का? लिफ्टला कळतं हो." असं काहीबाही. त्यातून जिभेला सवय लागली ती लागलीच. तर बायकोला पोटात कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, म्हणून हॉस्पिटलात आणलं. तरण्या डॉक्टरने पोट दाबून पाहिलं. म्हणाला, हर्निया. बेंबीपाशी स्नायूला भोक पडलंय, त्यातून आतडं डोकावतंय आणि मधेच अडकतंय. अडकतंय म्हटल्यावर मला राहवतंय होय? त्यात त्याने विचारलं, "त्रास कधीपासून आहे?"

बायको तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "लग्न झाल्यापासून."

डॉक्टर हसला. बायकोही हसली, पोट धरून. मी खूश. लग्नाला किती वर्षं झाली असंही त्याने विचारलं. मला वाटलं, कौतुकाने विचारतोय. चोवीस, म्हणालो. त्या गाढवाने हसत हसत ते लिहून टाकलं. विमा कंपनीने वाचलं. विमा तीन वर्षांपूर्वीचा, दुखणं चोवीस वर्षांपूर्वीचं, म्हणजे लपवून विमा घेतला. मंजुरी नाही.

"अहो ताई, कुठल्याही शहाण्या माणसाला कळेल की ही थट्टा आहे."

"कंपनीत शहाणा माणूस वाचतच नाही. तिथे नियम वाचतो."

"डॉक्टरांनी दुरुस्ती करून पाठवली ना?"

"नकार आल्यावर केलेली दुरुस्ती ते धरत नाहीत."

"मग साक्षीदार आणू? आमचा मेहुणा आहे. आवाजावर चालणारी लिफ्ट आलीय असं मी त्याला सांगितलं, तर बिचारा आत उभं राहून 'वर चल, वर चल' म्हणून ओरडत होता."

बाई हसल्या नाहीत. "कंपनीचा माणूस पेशंटला फोन करील. बोलणं रेकॉर्ड होतं. त्या जे सांगतील ते शेवटचं."

मागे बाकड्यांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. वर टीव्हीवर नेमकं याचंच भांडण. नवीन कायदा येऊ घातला होता. जुन्या आजाराचं कारण काढून विमा कंपन्यांना हात झटकता येणार नाहीत, आणि हॉस्पिटलांनी मनाला येईल तो दर लावायचा नाही. एक पुढारी टेबलावर मूठ आपटत होता, "घराला आग लागल्यावर आगीचा विमा घेतो का कुणी?" दुसरी बाई शांतपणे म्हणाली, "माणूस म्हणजे घर नव्हे. माणूस जन्मल्यापासून थोडाथोडा पेटलेलाच असतो."

शेजारी पायाला प्लास्टर घातलेले एक काका होते. म्हणाले, "कायदा आला की हप्ता वाढणार. लिहून ठेवा."

"आणि नाही आला तर?"

"तरी वाढणार."

"मग ही मंडळी भांडतायत कशाला?"

"आपला वेळ जावा म्हणून. बसायचंय ना इथे?"

मी पुन्हा काचेशी गेलो. "ताई, हा कायदा झाला तर?"

"तर कंपनीला हे कारण काढताच येणार नाही."

"मग कधी होतोय?"

"मतदान पुढे ढकललंय."

"आणि आतडं कुठे ढकलू?"

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. ओठ जरासे हलले, मग पुन्हा खाली बघून टाइप करू लागल्या.

डॉक्टरने आतडं तात्पुरतं आत सारलं होतं. पुन्हा अडकून पीळ पडला तर जिवावर बेतेल, म्हणाला. ऑपरेशनचे पैसे माझ्याकडे नव्हते आणि हिला या अवस्थेत घरी न्यायची हिंमत नव्हती. धड वर नाही, धड खाली नाही. आणि बाहेरून गप्पा मारायला कुणी नाही.

वरच्या मजल्यावर बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"हे बघ, फोन येईल. घाबरायचं नाही," मी म्हणालो. "दोन महिने दुखतंय, एवढं सांग. फक्त खरं बोल."

"खरं बोलू?"

"तुला दुसरं काही येतं का? माझ्या निम्म्या थापा तुझ्या तोंडामुळे फुटल्या."

हे अगदी खरं. मेहुणा लिफ्टला ओरडत होता तेव्हाही हिचा चेहरा बघूनच त्याला कळलं. हिला खोटं पचतच नाही.

फोन वाजला. मी स्पीकर लावला. आवाज गोड होता.

"मॅडम, हे संभाषण रेकॉर्ड होतंय. पोटाचा त्रास कधीपासून आहे?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे.

"दोन महिने झाले असतील."

"त्याआधी कधी गाठ जाणवली? बाळंतपणानंतर वगैरे?"

"छे हो. ठणठणीत होते."

"मग तुमच्या मिस्टरांनी डॉक्टरांना जे सांगितलं ते?"

"त्यांचं काय मनावर घेता. ते सगळ्यांशी असंच बोलतात."

पलीकडे तो माणूस चक्क हसला. "ठीक आहे मॅडम. मंजुरीला पाठवतो. काळजी घ्या."

फोन ठेवला आणि मी चुटकी वाजवली. "बघ. खरं बोललं की माणूस सुटतो."

ती चादरीची सुरकुती सरळ करत राहिली.

"धाकटी झाली तेव्हापासून आहे," ती म्हणाली.

"काय आहे?"

"गाठ. खोकलं, वजन उचललं की वर यायची. हाताने दाबून धरली की आत जायची. हसलं की जास्त यायची."

धाकटी आता कॉलेजात जाते.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. सगळे जेवायला बसलो होतो. तुम्ही म्हणालात, तिसरं येतंय वाटतं, डोकावून बघतंय. सगळे हसले. मग मी पण हसले."

मला ते आठवेना. असे कितीतरी झाले असतील. आठवत होतं ते एवढंच, की चारचौघांत मी छाती फुगवून सांगत आलोय, आमची ही माझ्या प्रत्येक विनोदाला पोट धरून हसते.

"आणि आत्ता फोनवर?" मी विचारलं.

"आत्ता काय. रेकॉर्ड झालं ना. दोन महिने."

मंजुरी संध्याकाळच्या आत आली. टीव्हीवर भांडण चालूच होतं. वॉर्डबॉयने तिला ट्रॉलीवर घेतलं आणि आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. दार लागलं. लिफ्ट निघताना गचका बसला. जुना ब्रेक, घासलेला. आवाजावरूनच कळलं. वॉर्डबॉय दचकून म्हणाला, "ही आता अडकतेय बहुतेक."

अशी सोन्यासारखी संधी आयती चालून आली होती. जिभेवर शब्द आलेसुद्धा.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी आता काहीतरी बोलणार, हे तिला माहीत होतं. तिचा हात आधीच पोटावर जाऊन बसला होता, दाबून धरायला.

मी गप्प उभा राहिलो. दोन मजले गेले. तिने हात काढला नाही.