सलिलचं दगडफूल

सलिल होता तोवर श्रीधररावांनी आपल्या या एकुलत्या एका मुलाच्या कामाचं कधी कौतुक केलं नाही. "मसाल्यात घालायची वस्तू, तिच्यावर संशोधन करतात म्हणे," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. सलिल बिचारा हसून सोडून द्यायचा. दगडफुलाच्या रानातल्या जाती झाडांच्या सालींवरून खरवडून आणायच्या, त्यातलं एखादं रसायन वेगळं काढून त्याच्या रेणूची रचना मांडायची, हे त्याचं काम. तो रेणू कॉम्प्युटरवर तपासायचा, हे त्याच्या बायकोचं, वल्लरीचं. शरीरातल्या पेशींची नासधूस करणाऱ्या कणांना असा रेणू आपला हायड्रोजन देऊन गप्प करतो. हायड्रोजन जितका सहज सुटेल तितका रेणू गुणी.

सलिलचा रेणू भलताच गुणी निघाला. हायड्रोजन किती सहज सुटतो याचा आकडा वल्लरीने त्याला हॉस्पिटलात सांगितला आणि पुढच्याच आठवड्यात तो गेला.

मग श्रीधरराव पार बदलले. बिबवेवाडीतल्या बागेत, बँकेत, अगदी मंडईत दगडफूल विकणाऱ्यालासुद्धा सांगू लागले, "आमच्या चिरंजीवांनी शोध लावलाय. पेपर येतोय." जिवंतपणी द्यायची शाबासकी म्हातारा आता गावभर वाटत सुटला होता. वल्लरीला ते पाहून रडू यायचं आणि बरंही वाटायचं.

पेपर, म्हणजे या शोधावरचा निबंध, विज्ञानाच्या नियतकालिकाला धाडण्याआधी तिने सलिलची मूळ मोजमापं पुन्हा तपासली. ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी त्याने भलत्याच जागी मांडली होती. आजारपणात, घाईघाईत झालं असणार. खऱ्या जागी तिचा हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनला धरून बसत होता. वल्लरीने गणित नव्याने चालवलं. हायड्रोजन काही केल्या सहज सुटेना. तो गुणी रेणू त्या दगडफुलात नव्हताच.

पेपर धाडण्याचा प्रश्नच मिटला. खोटं छापायला सर्वांत आधी सलिलनेच नकार दिला असता. पण म्हाताऱ्याला सांगायचं कसं?

दुपारच्या चहाला तिने विषय काढला. "बाबा, पेपर येणार नाही. त्यात चूक निघाली."

श्रीधररावांनी कप खाली ठेवला. "कुणाची?"

सलिलचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. ते घेतलं तर या माणसाकडे मुलाचं काहीच उरणार नव्हतं.

"माझी," ती म्हणाली. "त्याने रचना नीट दिली होती. मीच आकडा चुकीचा काढला."

"म्हणजे त्याचं बरोबर होतं?"

"हो बाबा."

"वा. आपण मोठ्या शास्त्रज्ञ!" ते कोरडेपणाने म्हणाले. "एक काम ठेवून गेला होता. तेवढंही धड झालं नाही तुझ्याच्यानं." चहा तसाच टाकून ते बाहेरच्या खोलीत गेले.

वल्लरी कप विसळायला उठली. बाहेर श्रीधररावांनी आपल्या मित्राला, रामदासांना, फोन लावला होता.

"नाही हो, पेपर नाही येत. सूनबाईंनी घोळ घातला. आमच्या सलिलचं काम मात्र चोख होतं. अगदी चोख." ते थांबले. रामदासांनी काहीतरी विचारलं असावं. "छे हो. त्याला कुठं म्हटलं? एकदाही नाही म्हटलं," असं म्हणता म्हणता त्यांचा आवाज फुटला, आणि ते लहान मुलासारखे रडू लागले.

वल्लरी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. आज तिला त्यांच्याजवळ जाता येत नव्हतं.