मधलं रान

आमचं रान शिवाराच्या मधोमध. चारी बाजूंनी लोकांचं सोयाबीन, आणि आत जायला वाट एकच, यल्लाप्पाअण्णांच्या तुकड्यातून. त्यांचं पीक निघालं की त्या मोकळ्या रानातून मळणीचं मशीन आमच्याकडं येतं. निपाणीकडं हे असंच चालत आलंय. सगळ्यांचं एकदमच वाळतं, त्यामुळं कुणाचं काही अडत नाही.

अडलं ते माझ्या शहाणपणानं. हल्ली पाऊस नेमका काढणीच्या तोंडावर धिंगाणा घालतो. शेंगांना झाडावरच कोंब फुटतात. म्हणून मी लवकर येणाऱ्या वाणाचं बी आणलं, मिळालं ते एका तुकड्यापुरतं. यंदा त्याचं बी धरायचं आणि पुढच्या साली अख्ख्या शिवाराला द्यायचं, असा माझा बेत. पीक आलंही झकास. सगळं शिवार हिरवंगार असताना माझं एकटीचं वाळून तयार! मग लक्षात आलं, की बाहेर काढायला वाटच नाही.

यल्लाप्पाअण्णांकडं गेले.

"अण्णा, मशीनपुरती कड कापून द्या की. तेवढं धान्य माझ्यातलं घ्या."

"हिरव्या पिकात ट्रॅक्टर घालू व्हय गं? अजून दाणा भराय लागलाय. माझं निघंस्तवर थांब."

"तवर शेंगा न्हाय थांबायच्या."

"मग पेरताना इचारायचं हुतंस."

राग आला तो माणसाचं बरोबर होतं म्हणून.

बांध दोन्हीकडून नांगरून नांगरून पाऊल मावेल एवढाच उरलेला. त्यावरून भारे न्यायचे तर निम्मे दाणे वाटेतच सांडणार. मजुरीच्या बायका तंबाखूच्या कामात गुंतलेल्या. उन्हं चढली की शेंगा तडातडा फुटायच्या आणि मी कोंडवाड्यातल्या म्हशीसारखी चारी बांध फिरायची. शेवटी मी आणि सासूबाई विळे घेऊन बसलो. रानातच ताडपत्री टाकून काठीनं झोडपलं. एक पोतं घरी आलं. बाकीचं झोडपायच्या आत पाऊस आला आणि सगळं कुजलं.

पुढं ऐन काढणीत पुन्हा पाऊस लागला आणि अण्णांचंही गेलं. शेंगाशेंगांतून कोंब. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ते दोन दिवसच.

"बी चांगलं हाय गं. पुन्यांदा पेर," सासूबाई म्हणाल्या.

"पेरीन वो आत्ती, पर काढू कुठनं?"

उन्हाळाभर मला दुसरं सुचेना. निम्मं बी अण्णांना द्यावं, तर त्यांचा निम्मा तुकडा हिरवा उभा राहणार आणि तो तुडवला जाईल म्हणून ते मशीन पुन्हा अडवणार. कडेचं आधी सुटल्याशिवाय मधलं सुटत नाही. पेरणी जवळ आली तशी मी पोतं गाडीवर घातलं आणि अण्णांच्या दारात उतरवलं.

"हे मला?" अण्णा चक्रावले. "आणि तू काय पेरणार?"

"जुनंच."

"आगं, ते पावसात घावंल की! कुजंल सगळं."

"घावंल. पर तुमचं निघाल्याबिगर माझी वाट न्हाय. तुमचं आधी निघू दे." मी पोत्याची सुतळी सोडली. "सुगीला यातलं बी मला ठेवा, अण्णा. तेवढंच मागणं हाय."

अण्णांनी पोत्यात हात घातला. दाणे तळहातावर घेऊन उन्हात धरले, एक दाताखाली फोडून बघितला आणि पोतं ओढत आत नेलं.

"बघूया," ते आतून म्हणाले. "उरलं तर."