आधी सिस्टरची झडती

तापानं फणफणलेला नातू घेऊन पारधी वस्तीवरची सुंदराबाई सोलापुरात दवाखान्यात आली. नर्स ऋतुजानं रजिस्टर उघडून प्रश्नांची सरबत्ती लावली, "गाव कुठलं? बाळाचा बाप कुठंय? काल रात्री मुक्काम कुठं होता?"

म्हातारी बाळ उचलून दाराकडं निघालीच. ऋतुजा चपापली. वस्तीवर धाड टाकणारे पोलीसही हेच, याच क्रमानं विचारतात, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. रजिस्टर मिटून ती खाली फरशीवर बसली.

"आजी, चुकलं माझं. मी ऋतुजा. गाव होटगी. नवरा रेल्वेत."

सुंदराबाई थबकली. "रातच्याला कुटं हुता त्यो?"

"घरीच. घोरत."

"साक्षीदार कोन?"

"मीच की! डोळ्याला डोळा लागला न्हाय."

म्हातारी खळखळून हसली आणि तिनं बाळ ऋतुजाच्या मांडीवर ठेवलं. "बग बाई, लई तापलंय."