आनंदाच्या मापाचा स्वेटर

मी बोलतोय तो एका पत्र्याच्या ट्रंकेतून. लाल लोकरीचा, हातानं विणलेला स्वेटर आहे मी. मला बघून कुणालाही वाटेल, मी तान्ह्या बाळासाठी जन्मलो. तसं नाही. मी आठ वर्षांच्या मुलीसाठी विणला गेलो होतो.

सातासमुद्रापलीकडच्या एका थंड गावात एलेनबाईंनी मला विणलं. समोर भिंतीवर शेवंतीचा फोटो होता. काळाचौकीच्या चाळीतल्या या मुलीला त्यांनी मिशनमार्फत दत्तक घेतलं होतं. म्हणजे मुलगी आपल्या घरीच राहायची, पण तिची शाळा, पुस्तकं, दूध, औषधपाणी एलेनबाई बघायच्या. त्याआधी ती आईबरोबर लोकांची भांडी घासायला जात असे. मुंबईत केवढं उकडतं, हे मात्र त्या माउलीला कुणी सांगितलं नसावं.

मी बोटीनं आलो. परळच्या मिशनशाळेत सलोमीबाईंनी मला शेवंतीच्या हाती दिलं. तिनं मला तिथंच अंगात घातलं आणि घामाघूम होत घरी आली.

"अगो बाय, हिला थंडी वाजली!" शेजारची चंपा नळावरून शेवंतीच्या आईला ओरडून म्हणाली. "सुभद्रे, सांभाळ हां. आज स्वेटर आलाय, उद्या गळ्यात क्रूस येईल."

शेवंतीचे वडील रामजी रातपाळीहून आले होते. गिरणीचा कापूस अजून केसांत होता. "क्रूस कुणी आणला नाय अजून. पुस्तकं आणली," ते म्हणाले. "तू आणतेस काय पुस्तकं?"

चंपानं फणकाऱ्यानं हंडा उचलला.

शेवंतीला एक भाऊ होता, आनंदा. नुकता चालायला लागलेला. पण एका घरातलं एकच मूल घ्यायचं, असा मिशनचा नियम होता. शेवंतीचे गाल भरत चालले होते आणि आनंदाच्या बरगड्या दिसत होत्या. दोघं झोपायची मात्र एकाच गोधडीत.

दरवर्षी मुलांचा फोटो काढून परदेशी पाठवत. आलेली भेट अंगावर हवी. आपला स्वेटर फोटोत लख्ख दिसावा म्हणून आदल्या दिवशी सुभद्रानं मला धुवायला घेतलं. रामजीचे तेलकट कपडे ती धुवायची तसंच. पातेल्यात सोडा टाकला आणि चुलीवर रटरट उकळलं.

मी ओरडणार कसा? माझा धागा न् धागा आक्रसत गेला. सुभद्रानं मला बाहेर काढून पिळलं आणि शेवंतीच्या पाठीला लावून पाहिलं. मी वीतभर उरलो होतो.

"मी काय करून बसले गं! आता मिशनवाले यादीतून तुझं नाव काढतील."

रात्रभर मी दोरीवर ठिबकत होतो आणि ती जागी होती. दुसऱ्या दिवशी ऊन लागून वाळलो, तेव्हा आनंदा शिंकला आणि तिनं सहज मला त्याच्या अंगात घातलं. मोजून शिवल्यासारखा बसलो मी.

शाळेच्या आवारात फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालून उभा होता. सुभद्रानं सलोमीबाईंचे पाय धरले. बाईंनी तिला उठवलं आणि त्या हसायलाच लागल्या.

"अहो सुभद्राबाई, स्वेटरसाठी कुणी नाव काढतं का? बस गं शेवंती. भावाला आईकडे दे. फोटो एकट्या मुलीचा असतो."

शेवंती हलेना. "बाई, स्वेटर तर ह्याच्या अंगावर आहे. हा नसला तर त्यांना स्वेटर दिसणार कसा?"

सलोमीबाईंनी आनंदाच्या अंगावर मला नीट खाली ओढलं. मग म्हणाल्या, "घे त्याला मांडीवर. सरळ बघ."

फोटो बोटीनं गेला. "त्यांनी ह्याला बघितलं तर ह्यालाही घेतील," सुभद्रा रोज म्हणायची. मला विणणारे हात मला ठाऊक होते. मलाही तसंच वाटत होतं.

त्याच थंडीत मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून गिरणगाव रस्त्यावर उतरला. गोळ्या चालल्या, कर्फ्यू लागला. आणि आनंदाला ताप भरला, श्वासागणिक त्याचं पोट उडायला लागलं. माझ्याखाली त्याची छाती भात्यासारखी हलत होती.

"मिशनच्या दवाखान्यात नेते," शेवंती म्हणाली. "सलोमीबाई बघतील."

"नाक्यावर पोलीस हायत, बाय." रामजी दाराशी उभेच होते. एकदा त्याला छातीशी धरून गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तिथून त्यांना बंदूक रोखून परत पाठवलं.

मी ऊब द्यायला जन्मलो होतो. तेवढी मी दिली. मग माझ्याखालची छाती हलायची थांबली, आणि मला उबेचं काहीच करता येईना.

पावसाळ्याच्या तोंडावर सलोमीबाई स्वतः चाळीत आल्या. हातात पुडकं होतं. आत निळा स्वेटर, आनंदाच्या मापाचा, थोडा वाढता. एलेनबाईंनी फोटो बघितला होता. त्यांनी आनंदालाही घ्यायचं ठरवलं होतं आणि मिशननं त्यासाठी नियम बाजूला ठेवला होता.

"मी त्यांना कळवते," सलोमीबाई हळूच म्हणाल्या. "हा तुम्ही ठेवून घ्या."

सुभद्रा बराच वेळ निळी लोकर कुरवाळत बसली. मग म्हणाली, "आनंदाची जागा कुणाला तरी द्या, बाई. आमच्या चंपाचा वसंत आहे. त्याच्या पण बरगड्या दिसतात."

दाराआड उभी असलेली चंपा तोंडाला पदर लावून आपल्या खोलीत पळाली.

आता महाराष्ट्र झाला. शेवंती आठवीत आहे आणि वसंतला वाचून दाखवते. निळा स्वेटर त्याला आखूड झाला, तरी तो फोटोच्या दिवशी हट्टानं घालतो. सुभद्रा दरवेळी चंपाला बजावते, "गार पाण्यात धू हां. उकळू नकोस."

दूरच्या बायांनो, तुम्ही विणत राहा. तुमच्या टाक्यांनी या चाळीत दोन मुलं शाळेत जातात. फक्त फोटोच्या कडेला कोण उभं आहे, तेही बघत जा, आणि जरा लवकर बघा.

सुभद्रा अधूनमधून ट्रंक उघडते, मला नाकाशी धरते आणि पुन्हा घडी घालून ठेवते. मला मात्र तिनं त्यानंतर कधी पाण्यात घातलं नाही.