धोंडी

सिस्टर इम्माक्युलाटा हे नाव पिंपरीच्या आमच्या मठाच्या दवाखान्यात एकाही पेशंटला कधी धड घेता आलं नाही. कारखान्याच्या बांधकामावरच्या बायका तिला इमलाबाई म्हणत, निर्वासितांच्या छावणीतल्या सिंधी म्हाताऱ्या नुसतंच अम्मा म्हणत. मदर सुपीरियर ते सगळं हसून चालवून घेत. त्यांना एकच नाव चालत नव्हतं, तिच्या आईनं ठेवलेलं.

तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं, यशोदाबाईनं, हिला धोंडी म्हटलं. दगडधोंडा कोण उचलून नेणार? पाद्रीबाबांनी बाप्तिस्म्याला मरिया ठेवलं, पण घरात धोंडीच राहिली, आणि जगली. मठाची वेल, म्हणजे सिस्टरचं डोईवरचं वस्त्र, डोक्यावर आली त्या दिवशी ते नाव गेलं. आम्हा सगळ्या सिस्टरांना शिकवणच तशी होती: जुन्या नावानं हाक आली तर मान वळवायची नाही, ते माणूस मेलं. मला ते जड गेलं नाही, कारण मला हाक मारायला घरी कुणी उरलंच नव्हतं. तिला गेलं.

दवाखान्याच्या दिवशी यशोदाबाई नगरकडच्या गावाहून एकटी आली. डोळ्यांत मोतीबिंदू वाढले होते. पार आंधळं होण्याआधी लेकीचं तोंड बघायचं, एवढंच तिला हवं होतं. फाटकावर सिस्टर क्लारा होती, मंगळूरची, स्वभावानं गाय आणि नियमाला पक्की.

"धोंडीला बोलवा, बाई," म्हातारी म्हणाली. "म्हनावं, माय आलीया."

क्लारानं आठवून पाहिलं आणि खरं तेच सांगितलं. "धोंडी नाही इथं. त्या नावाचं कोणीच नाही."

आत मी मलमपट्टी करत होते. माझ्या शेजारी इम्माक्युलाटाच्या हातातली औषधाची बाटली थांबली. मान तिनं वळवली नाही, इतकी ती चांगली शिकली होती. मग ती धावली, पण फाटकाकडे नाही, मदरकडे, परवानगी मागायला. घरच्यांना भेटायचं तर मदरला विचारावं लागे. मदर चॅपलमध्ये ध्यानाला बसल्या होत्या, आणि ध्यान मोडायची परवानगी कुणाला नव्हती. ही दाराशी गुडघ्यावर थांबली. अशा आज्ञाधारकपणाचा मला आजही संताप येतो.

परवानगी मिळाली तेव्हा फाटकावर म्हातारी नव्हती. क्लारा म्हणाली, बराच वेळ भिंतीला धरून उभी होती, मग एसटीकडे गेली. पत्र टाकू का, असं इम्माक्युलाटानं विचारलं. चाळीस दिवसांचा उपासकाळ लागला होता, त्यात घरी पत्र लिहायचं नाही असा नियम. ईस्टरनंतर लिही, असं मदर म्हणाल्या.

ईस्टरच्या आधीच बांधकामावरचा एक नवा मजूर बोट चेचून दवाखान्यात आला. तो तिचा धाकटा भाऊ, ज्योतीराम. तिला पाहून तो बाकावरून उठलाच.

"तू जित्ती हायस?"

मग त्यानं सांगितलं ते मीही ऐकलं. यशोदाबाई घरी गेली आणि म्हणाली, धोंडी गेली. मठातल्या बाया झाकून ठेवत्यात, पण फाटकावरची खोटं बोलनारी न्हवती. त्यांनी नावातला आपला धोंडा काढून घेतला, मग पोर कशी राहील? पाद्रीबाबा दुसऱ्या गावी बदलून गेले होते, खात्री करायची कुणाला सुचली नाही. लेकीच्या आत्म्यासाठी तिनं नव्या पाद्र्याकडून मिस्सा, मेलेल्यांसाठीची देवळातली प्रार्थना, करवून घेतली आणि अंथरूण धरलं. तिला मातीआड करूनच तो कामाला आला होता.

मदरनी इम्माक्युलाटाला जवळ घेतलं. त्या दुष्ट नव्हत्या, हेच वाईट. त्या म्हणाल्या, "धोंडी तर वेलीच्या दिवशीच मेली होती, सिस्टर. तुझ्या आईची मिस्सा वाया गेली नाही."

भावाच्या बोटाला पट्टी बांधून इम्माक्युलाटानं पुढच्या पेशंटला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी जेवणघरात मदरनी तिला हाक मारली, "सिस्टर इम्माक्युलाटा." ती ताटं पुसत होती. मदरनी पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा, जरा चढ्या आवाजात.

तिनं मान वळवली नाही.