श्रेय सरांचंच

तान्ह्या ठमीच्या आईला काळजी करायला कारण लागत नसे. पण त्या दिवशी कारण चांगलं छापील होतं. कॉलेजच्या सॉफ्टवेअरने तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण सबंध लाल करून परत पाठवलं होतं. तान्ही बाळं बोलण्याआधी ऐकायला कशी शिकतात, यावरचं ते प्रकरण. सॉफ्टवेअरचं म्हणणं असं, की हे सगळं विभागप्रमुख सरांच्या नव्या पुस्तकात आधीच आलेलं आहे.

आलेलं होतंच. कारण पुस्तकात येण्याआधी ते प्रकरण सरांच्या टेबलावर होतं. ‘ठेवून जा, नजर टाकतो,’ म्हणाले होते. सरांनी नजर टाकली ती काही केल्या काढली नाही. शेवटी प्रकरण परत मिळालं तेव्हा वर एकच शेरा होता : ‘भाषा जरा घरगुती आहे.’

“तोंड का असं झालंय?” ठमीला तिच्या मांडीवर देत सासूबाईंनी विचारलं.

“वाङ्मयचौर्य, आई.”

“अगंबाई! पोरीला लागायचं नाही ना?”

“तसलं नाही हो. दुसऱ्याचं लिहिलेलं आपलं म्हणून खपवायचं, त्याला म्हणतात.”

“मग सरळ चोरी म्हण की. केली कुणी?”

“सरांनी. पकडलंय मला.”

ठमीला पाजायला घेता घेता तिने बहिणीला फोन लावला आणि सगळी कहाणी पहिल्यापासून सुरू केली. सासूबाईंनी फोन हातातून काढूनच घेतला. “शंभरदा सांगितलंय, पाजताना बडबड नको. पोर दूध सोडून तुझंच ऐकत बसते. उपाशी राहील अशानं.”

पोटाचा प्रश्न एकट्या ठमीचा नव्हता. आईची नोकरी हंगामी होती. यंदा पदवी हातात पडली तर कायम होणार, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार. त्यात चोरीचा शिक्का बसला, तर कुठलंच कॉलेज दारात उभं करणार नव्हतं.

चौकशी प्राचार्यबाईंच्या खोलीत झाली. समितीत दोघं : प्राचार्यबाई आणि विभागप्रमुख, म्हणजे सरच. ‘पुस्तक ज्यांचं तेच न्यायाला कसे?’ असं विचारायचं ठमीच्या आईने रस्ताभर घोकलं होतं. प्रत्यक्षात तिने विचारलं, “पंखा जरा कमी करू का?”

सर प्रसन्न हसले. “माझ्या मनात काही नाही हं. शिष्याच्या लेखणीत गुरू उतरतोच. नकळत झालं असेल.”

“सर, ते मी तुम्हाला वाचायला दिलं होतं. तुमच्या टेबलावर...”

“टेबलावर बरंच काही असतं, मॅडम.”

“माझ्या कम्प्युटरवर तारीख आहे.”

“तारखा कुणीही बदलतं,” प्राचार्यबाई म्हणाल्या. “सरांचं छापून आलंय, तुमचं नाही. सर मोठ्या मनाचे, म्हणून सांगते. जिथे जिथे सरांचं आहे तिथे तिथे सरांचं नाव घाला आणि तोंडी परीक्षेत सगळ्यांसमोर वाचून दाखवा. विषय मिटला.”

“आणि नाही घातलं तर?”

“तर मला शेरा मारावा लागेल. लेकुरवाळ्या आहात, कशाला ओढवून घेता?”

ती घरी आली, ग्रंथालयातून आणलेलं सरांचं पुस्तक उघडलं आणि मुकाट्याने नावं घालायला बसली. सरांनी मेहनत घेतली होती, हे मान्य करायला हवं होतं. तिच्या ‘बडबडी’चा त्यांनी ‘वाक्प्रवाह’ केला होता, ‘तान्ह्या’चं ‘नवजात अर्भक’. एका पानावर मात्र ती थबकली. मग एवढी हसली, की मांडीवरची ठमी दचकली.

“बरं वाटत नाही का गं?” सासूबाई आतून धावत आल्या.

“ऐका. ‘स्वतःच्या अर्भकास स्तनपान देत असताना मी बोलू लागताच ते दूध ओढणे थांबवते व ऐकू लागते, असा माझा प्रत्यक्ष अनुभव आहे.’”

“हे कुणी लिहिलंय?”

“सरांनी.”

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. “त्यांना मिशा आहेत ना गं?”

“चांगल्या झुपकेदार.”

“मग ऊठ, नेऊन दाखव त्या बाईंना!”

“कशाला? सरांचं श्रेय सरांना द्यायचं ठरलंय ना?” असं म्हणून ठमीची आई पुन्हा कामाला लागली. आता तिचं अक्षर भलतंच सुवाच्य येत होतं.

तोंडी परीक्षेला सभागृह भरलेलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयस्कर होत्या आणि चष्म्याच्या वरून बघायची त्यांना सवय होती. सर पहिल्या रांगेत, श्रेय स्वीकारायला हाताची घडी घालून बसले होते. ठमीची आई कागद घेऊन उभी राहिली. तिने ते वाक्य सावकाश, एक शब्द न गाळता वाचलं आणि पुढे म्हणाली, “हा अनुभव आदरणीय विभागप्रमुख सरांचा आहे. स्तनपान सरांनी स्वतः दिलेलं असून त्यात माझा काडीचाही वाटा नाही.”

मागच्या बाकांवर खोकल्याची साथ आली.

परीक्षक बाई सरांकडे वळल्या. “किती महिने पाजलंत, सर?”

“ते... ते उदाहरण मॅडमचं आहे.”

“नाही हो सर,” ठमीची आई अदबीने म्हणाली, “श्रेय तुमचंच.”

“अहो, माझं कसं असेल? तुमच्याच प्रकरणातून ते... अनवधानाने...”

“उदाहरण त्यांचं,” परीक्षक बाईंनी विचारलं, “मग त्याच्या मागचं-पुढचं कुणाचं?”

सर पाणी प्यायले. प्राचार्यबाई गंभीरपणे म्हणाल्या, “मला पहिल्यापासून शंका होतीच.”

पदवी मिळाली. प्रबंधात घातलेली सरांची नावं निघाली. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत ठमीच्या आईचे जाहीर आभार मानायचं सरांनी कबूल केलं : टंकलेखनातल्या मदतीबद्दल.

संध्याकाळी ती ठमीला घेऊन पाजायला बसली तेव्हा सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“झालं मनासारखं?”

“झालं. सगळं माझंच आहे, असं सगळ्यांसमोर ठरलं.”

“सगळं?” सासूबाईंनी एक झबलं झटकलं. “पोर दूध सोडून तुझं बोलणं ऐकत बसते, हे तुला पहिल्यांदा कोण म्हणालं होतं?”

“आई, तुम्ही तेव्हा रागावला होतात. त्याला काही संशोधन म्हणत नाहीत.”

“हो का? घरगुती असेल.”

ठमीच्या आईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ठमीने दूध ओढायचं थांबवलं आणि मान वर करून, आई आता काय म्हणते ते ऐकायला ती सज्ज झाली.